फिजिशियन असिस्टंटची सही होम हेल्थच्या कागदांवर चालते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत मुलाकडे राहणाऱ्या ७८ वर्षांच्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. ४ दिवस रुग्णालयात आणि पुढे १२ दिवस पुनर्वसन केंद्रात काढून त्या घरी आल्या. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या दवाखान्यातील फिजिशियन असिस्टंटने, म्हणजे पीएने (डॉक्टरांबरोबर काम करणारा, रुग्ण तपासण्याचा व उपचार करण्याचा परवाना असलेला व्यावसायिक), त्यांना तपासले आणि घरी येऊन फिजिओथेरपी व जखमेची देखभाल व्हावी म्हणून होम हेल्थ एजन्सीकडे सही करून कागद पाठवले. एजन्सीने ते परत केले आणि ‘पीएची सही चालत नाही, डॉक्टरांची आणा, मगच आम्ही येऊ’ असे कळवले. दवाखान्यातील डॉक्टरांनी सासूबाईंना दोन वर्षांत पाहिलेले नाही आणि सध्या ते रजेवर आहेत. या सगळ्यात ९ दिवस गेले. सासूबाईंचा विमा पारंपरिक, म्हणजे थेट सरकारकडून मिळणाऱ्या मेडिकेअरचा (मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठीच्या अमेरिकी सरकारी विम्याचा) आहे. एजन्सीचे म्हणणे बरोबर आहे का आणि आता काय करावे, असे सूनबाईंनी विचारले आहे.

मी अमेरिकेत एकवीस वर्षे पीए म्हणून, मुख्यतः वृद्ध रुग्णांसाठी, काम करते आहे आणि अशा कागदांवर आठवड्यातून कित्येकदा सही करते. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते आणि मग त्यामागचे नियम सांगते, कारण ते कळल्याशिवाय एजन्सीशी बोलताना आपला शब्द टिकणार नाही.

मेडिकेअरपुरते पाहिले तर पीएची सही चालते. २७ मार्च २०२० रोजी अमेरिकेत झालेल्या केअर्स कायद्याच्या कलम ३७०८ ने नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशलिस्ट (या दोन्ही उच्चशिक्षित परिचारिका) आणि फिजिशियन असिस्टंट या तिघांना होम हेल्थची गरज प्रमाणित करण्याचा, उपचार-आराखडा ठरवण्याचा आणि त्यावर सही करण्याचा अधिकार दिला. मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएस या केंद्रीय यंत्रणेने त्याप्रमाणे नियम बदलले आणि ते १ मार्च २०२० पासून लागू धरले. हा कायदा कोविडच्या धामधुमीत झाला, म्हणून ही सवलतही साथीपुरतीच होती आणि ११ मे २०२३ रोजी आरोग्य आणीबाणी संपली तेव्हा तीही संपली, असा समज काही कार्यालयांत अजून आहे. तो चुकीचा आहे. टेलिहेल्थच्या, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून होणाऱ्या तपासणीच्या, अनेक सवलती तात्पुरत्या होत्या आणि त्यांना पुन्हापुन्हा मुदतवाढ द्यावी लागली, हे खरे आहे. पण कलम ३७०८ ने मेडिकेअरच्या मूळ कायद्यातील शब्दच बदलले आहेत आणि ते कायमचे आहेत.

एजन्सीचे म्हणणे आणखी एका बाबतीत चुकते, आणि आपल्या दृष्टीने ती बाब अधिक निकडीची आहे. सही झालेला कागद हातात आल्याशिवाय घरी यायचेच नाही, असा मेडिकेअरचा नियम नाही. नियम उलट आहे: सेवेची शिफारस आल्यापासून किंवा रुग्ण घरी परतल्यापासून ४८ तासांच्या आत, अथवा सेवा सुरू करण्याची जी तारीख लिहून दिली असेल त्या तारखेला, एजन्सीने पहिली भेट दिली पाहिजे. त्यासाठी तोंडी आदेश पुरतो. परिचारिकेने तो तारीख-वेळेसह नोंदवून ठेवायचा असतो. प्रमाणपत्रावरची सही आराखडा ठरतो त्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर घ्यायची असते आणि एजन्सीने मेडिकेअरकडे अंतिम बिल पाठवण्यापूर्वी ती झालेली असावी लागते. म्हणजे सहीचा वाद कागदावर चालू असतानाही फिजिओथेरपिस्ट घरी येऊ शकला असता. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे ९ दिवस किती मोलाचे असतात हे मी रोज पाहते. या दिवसांत माणूस उठला नाही तर पायातली ताकद आणि मनातली हिंमत दोन्ही जातात.

आता हा गोंधळ मुळात कुठून आला, ते पाहू. मेडिकेअरचा कायदा १९६५चा आहे, आणि योगायोग असा की पीए हा व्यवसायही त्याच वर्षी जन्मला. नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चार जणांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला आणि १९६७ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पीए असणे शक्यच नव्हते. त्यांनी होम हेल्थच्या कलमात ‘फिजिशियन’ एवढाच शब्द लिहिला. पुढे १९९७च्या कायद्याने मेडिकेअरने पीएंच्या सेवेचे पैसे सर्व ठिकाणी, डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के, देण्यास मान्यता दिली, पीए औषधे लिहू लागले, रुग्णालयात दाखल रुग्ण सांभाळू लागले; पण होम हेल्थच्या कलमातला तो एक शब्द तसाच राहिला. सिनेटर सुझन कॉलिन्स यांनी तो बदलण्यासाठी अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, वर्षानुवर्षे विधेयक मांडले आणि ते दर वेळी अडकून राहिले. शेवटी साथ आली, डॉक्टर अपुरे पडले, आणि जे इतकी वर्षे होत नव्हते ते एका मोठ्या कायद्याच्या पोटात होऊन गेले.

मधल्या काळात परिस्थिती आणखी विचित्र झाली होती. २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्याने होम हेल्थसाठी प्रत्यक्ष भेटीची अट घातली, जी २०११ पासून लागू झाली. रुग्णाला कोणीतरी समोरासमोर तपासलेले असले पाहिजे, ही अट योग्यच होती. ही तपासणी पीएला करता येत होती, पण तिच्या आधारे प्रमाणपत्र मात्र डॉक्टरांनीच द्यायचे आणि भेटीविषयीचा वेगळा वृत्तांतही डॉक्टरांनी लिहायचा असे ठरले. वृत्तांताची ती सक्ती २०१५च्या आरंभी गेली; सहीची राहिली. म्हणजे पाहिले एकाने आणि ‘मी प्रमाणित करतो’ असे लिहिले दुसऱ्याने. त्या काळातील माझी एक रुग्ण मला विसरता येत नाही. पायावर मधुमेहाची जखम असलेल्या त्या बाईंना मी त्यांच्या घरी जाऊन तपासले, जखम मोजली, मलमपट्टी कशी आणि किती वेळा करायची ते लिहिले आणि कागद सहीसाठी पाठवला. ज्या डॉक्टरांकडे तो गेला ते दुसऱ्या शाखेत बसत. त्यांनी बाईंना कधी पाहिले नव्हते, आणि न पाहता सही करायची नाही या त्यांच्या शिस्तीबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. कागद ११ दिवस पडून राहिला. बाराव्या दिवशी बाई ताप आणि पसरलेल्या जंतुसंसर्गासह रुग्णालयात होत्या. म्हणून या विषयावर मी तटस्थपणे लिहू शकत नाही, आणि तसा प्रयत्नही करणार नाही.

मग एजन्सी पूर्णपणे चूकच आहे का? तसे मात्र लगेच म्हणता येत नाही. केंद्राच्या कायद्याने दार उघडले, पण त्यातून आत जायचे की नाही हे राज्याचा कायदा ठरवतो. सीएमएसच्या नियमात पीए, नर्स प्रॅक्टिशनर व क्लिनिकल नर्स स्पेशलिस्ट यांना मिळून ‘अलाउड प्रॅक्टिशनर’ म्हटले आहे, आणि ते ज्या राज्यात सेवा देतात त्या राज्याच्या कायद्याने त्यांना ते काम करण्याची मुभा असली पाहिजे, अशी अट त्यातच आहे. येथे दोन वेगळे कायदे पाहावे लागतात आणि बहुतेक जण एकच पाहतात. पहिला म्हणजे पीएच्या व्यवसायाचा कायदा: पीएने कोणत्या डॉक्टरांशी कशा स्वरूपाचा करार करायचा, काय करायचे, काय नाही, हे तो सांगतो. दुसरा म्हणजे होम हेल्थ एजन्सीला परवाना देणारे राज्याचे नियम. पीएचा कायदा कितीही उदार असला तरी एजन्सीच्या परवान्याच्या नियमात ‘आराखड्यावर फिजिशियनची सही असावी’ असे जुने वाक्य शिल्लक असेल, तर परवाना धोक्यात येईल म्हणून एजन्सी हात आखडता घेते, आणि तिची भीती निराधार नसते. २०२० नंतर अनेक राज्यांनी ही वाक्ये बदलली. आपण राज्य लिहिलेले नाही, म्हणून या मुद्द्यावर मी निकाल देत नाही. पण शोध कसा घ्यायचा ते सांगते. एजन्सीच्या क्लिनिकल मॅनेजरला ईमेलने एवढेच विचारा: ‘पीएची सही नाकारण्याचा आधार राज्याच्या कोणत्या नियमात आहे, त्याचा क्रमांक कळवावा.’ नियम असेल तर तो एका दिवसात मिळतो. नसेल तर बहुतेकदा असे आढळते की त्यांच्या संगणकातील जुन्या फॉर्मवर ‘फिजिशियन’ असे छापलेले आहे आणि कागद स्वीकारणाऱ्या व्यक्तीने तोच नियम मानला आहे. फोनवरच्या वादापेक्षा लेखी प्रश्नाने काम लवकर होते, असा माझा अनुभव आहे.

राज्याचा कायदा आड येत नसेल, तर पुढची शक्यता दवाखान्याच्या बाजूची आहे. सही करणाऱ्या पीएची मेडिकेअरकडे वैयक्तिक नोंदणी असावी लागते. ही नोंद पेकॉस नावाच्या प्रणालीत असते आणि एजन्सी बिल पाठवते तेव्हा सही करणाऱ्याचे नाव व राष्ट्रीय ओळख क्रमांक तिच्याशी ताडून पाहिले जातात. नोंद नसेल किंवा नावात फरक असेल, तर एजन्सीचे संपूर्ण बिल नाकारले जाते. नव्याने रुजू झालेल्या पीएच्या बाबतीत हे पुष्कळदा घडते, आणि एजन्सीतला माणूस ‘तुमच्या पीएची नोंद सापडत नाही’ असे नीट सांगण्याऐवजी ‘पीए चालत नाही’ असे सांगून मोकळा होतो. दवाखान्याच्या व्यवस्थापकाला एक फोन केला तर याचा उलगडा होईल. तसेच सही करणाऱ्याचा त्या एजन्सीशी आर्थिक संबंध नसावा, हा नियम डॉक्टरांना जसा लागू आहे तसाच पीएलाही आहे. सही हाताने किंवा इलेक्ट्रॉनिक असावी, रबरी शिक्क्याची चालत नाही, आणि तिच्यासोबत तारीख हवी.

विम्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे. आपल्या सासूबाईंचे मेडिकेअर पारंपरिक आहे, म्हणून वरचे सर्व जसेच्या तसे लागू होते. खासगी कंपनीमार्फत मेडिकेअर घेतले असते, तर पात्रतेचे निकष तेच राहिले असते, पण पूर्वपरवानगी आणि ठरावीक एजन्सी यांच्या अटी आल्या असत्या. मेडिकेडसाठीही, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्यासाठीही, कलम ३७०८ चाच आधार आहे, फक्त तेथे राज्याचा शब्द अधिक चालतो. आपल्याकडच्या अनेक कुटुंबांसाठी एक गोष्ट येथे नोंदवून ठेवते: ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे येथे राहिलेल्या ६५ वर्षांवरील आईवडिलांना मासिक हप्ता भरून मेडिकेअर घेता येते, आणि भाग ए चा, म्हणजे रुग्णालयाच्या भागाचा, हप्ता जड वाटतो म्हणून काही जण केवळ भाग बी, म्हणजे डॉक्टर व दवाखान्याच्या सेवांचा भाग, घेतात. तसे केले असले तरी होम हेल्थचा लाभ भाग बी मधून मिळतो. ‘रुग्णालयाचा भाग नाही, म्हणजे होम हेल्थही नाही’ असे समजून गप्प बसू नये.

सहीच्या अधिकाराविषयी इतके झाले. पण माझ्या अनुभवात होम हेल्थचा कागद सहीपेक्षा मजकुरावर अधिक वेळा अडतो. सही करणारा, मग तो डॉक्टर असो वा पीए, पाच गोष्टींची ग्वाही देत असतो: रुग्ण घराबाहेर सहज पडू शकत नाही, म्हणजे नियमाच्या भाषेत होमबाउंड आहे, त्याला परिचारिकेची अधूनमधून लागणारी कुशल सेवा, फिजिओथेरपी किंवा वाचोपचार (स्पीच थेरपी) यांपैकी काहीतरी आवश्यक आहे, त्याच्यासाठी आराखडा ठरवला आहे, तो आपल्या देखरेखीखाली आहे, आणि ज्या कारणासाठी सेवा मागितली आहे त्याच कारणाशी संबंधित प्रत्यक्ष भेट सेवा सुरू होण्यापूर्वीच्या ९० दिवसांत किंवा नंतरच्या ३० दिवसांत झालेली आहे. भेटीचे कारण जुळले पाहिजे, हा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. खोकल्यासाठी दवाखान्यात गेलेल्या रुग्णाची ती भेट खुब्याच्या फिजिओथेरपीसाठी उपयोगी पडत नाही. सासूबाईंच्या बाबतीत मात्र पीएने घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी याच कारणासाठी तपासले आहे, आणि पुनर्वसन केंद्रातील डॉक्टर किंवा पीए यांनी केलेली तपासणीही प्रत्यक्ष भेट म्हणून धरता येते. म्हणजे त्या एका अटीला आपल्याजवळ दोन आधार आहेत.

होमबाउंड या शब्दाने सर्वांत जास्त घोळ घातला आहे. त्याचा अर्थ अंथरुणाला खिळलेला असा नाही. निकष दोन टप्प्यांत आहे. आजार किंवा दुखापतीमुळे बाहेर पडायला काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, विशेष वाहन किंवा दुसऱ्या माणसाचा आधार लागतो, किंवा बाहेर पडणे वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचे आहे, हा पहिला टप्पा. आणि एरवी घर सोडणे होत नाही, सोडायचे तर फार सायास पडतात, हा दुसरा. हे दोन्ही लागतात. डॉक्टरांकडे जाणे, डायलिसिसला जाणे, कधीतरी लग्नकार्याला किंवा केस कापायला जाणे याने पात्रता जात नाही. बाहेर जाणे क्वचित किंवा थोड्या वेळासाठी असावे. धार्मिक उपासनेसाठी बाहेर पडणे तर कायद्याने स्पष्टपणे या सवलतीत धरले आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण एकादशीला मुलाने गाडीतून मंदिरात नेऊन आणले ही गोष्ट परिचारिकेपासून लपवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. लपवू नका. उलट सांगा की गाडीपर्यंत पोहोचायला दोघांचा आधार लागला, मध्ये दोनदा थांबावे लागले आणि परत आल्यावर त्या तीन तास झोपून होत्या. बाहेर पडायला किती सायास पडतात, याचा तो उत्तम पुरावा आहे.

तपासणीच्या टिपणात नेमके हेच उतरले पाहिजे. ‘रुग्ण होमबाउंड आहे, होम हेल्थची गरज आहे’ एवढ्या ओळीवर मेडिकेअरच्या परीक्षकांनी बिले नाकारलेली मी पाहिली आहेत. त्याऐवजी असे लिहावे: ‘उजव्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण वॉकर आणि एका व्यक्तीच्या आधाराने वीस फूट चालते, त्यानंतर दम लागतो व वेदना वाढतात, घराच्या दाराशी चार पायऱ्या आहेत, त्या स्वतःहून उतरता येत नाहीत, पुन्हा पडण्याचा धोका मोठा असल्याने चाल आणि तोल यांचे प्रशिक्षण फिजिओथेरपिस्टने देणे आवश्यक आहे, टाक्यांच्या जागी लाली आहे, परिचारिकेने पाहणे आवश्यक आहे.’ हे ज्याने पाहिले त्यालाच लिहिता येते. आपल्या पीएने पायऱ्या, पावले, टाके यांची चौकशी केली असेल तर त्यांचे टिपण मागवून वाचा. ते वाचण्याचा आपल्या सासूबाईंना हक्क आहे. काही राहिले असेल तर नम्रपणे सुचवा. पायऱ्यांची संख्या दवाखान्यात बसून कोणाला कळणार?

डॉक्टरांची सही मिळवण्यासाठी धावपळ करण्यापूर्वी एक विचार करा, असे मी याच कारणाने म्हणते. दोन वर्षे रुग्णाला न पाहिलेल्या डॉक्टरांनी पीएच्या तपासणीच्या आधारे सही केली, तर ते बेकायदा नाही. परंतु सही हा शेवट नसतो, तिच्यापासून कामाला सुरुवात होते. पुढचे ६० दिवस एजन्सीची परिचारिका रक्तदाब घसरला, जखमेतून पाणी येते आहे, वेदनाशामकाने मळमळते आहे असे फोन त्याच व्यक्तीला करणार, जिचे नाव आराखड्यावर आहे. ज्याला सासूबाईंची औषधे आणि स्वभाव ठाऊक आहेत, त्याच्याकडे हे फोन जावेत, असे मला वाटते. पीए म्हणजे अर्धा डॉक्टर, त्याची सही कमी वजनाची, असा आपल्या लोकांत एक समज असतो आणि तो मी गेली एकवीस वर्षे ऐकते आहे. पीएचे शिक्षण पदवीनंतर साधारण २७ महिन्यांचे असते, त्यात सुमारे २,००० तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत जातात, आणि राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज परवाना मिळत नाही. हे डॉक्टरांच्या शिक्षणाइतके नाही आणि मी तसा दावाही करत नाही. गुंतागुंतीच्या प्रश्नावर मी आजही आमच्या डॉक्टरांना फोन करते, तेही निःसंकोचपणे. पण वृद्ध बाईला घरी येऊन चालायला शिकवण्याची गरज आहे का, हा निर्णय रुग्णाला पाहिलेल्या पीएच्या आवाक्यातला आहे, आणि कायद्यानेही आता ते मान्य केले आहे.

या अधिकाराला मर्यादाही आहेत आणि त्या माहीत असाव्यात, नाहीतर उद्या दुसऱ्या कागदावर हाच वाद उलट्या बाजूने होईल. जीवनाच्या अखेरच्या टप्प्यातील हॉस्पिस सेवेसाठी ‘रुग्णाचे आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी असावे’ असे प्रमाणपत्र पीए देऊ शकत नाही. ते डॉक्टरांनीच द्यायचे असते. २०१९ पासून हॉस्पिसमधील रुग्णाचा उपचारक म्हणून पीएला मान्यता आहे, पण हॉस्पिसची मुदत वाढवण्यापूर्वी करावी लागणारी प्रत्यक्ष भेट त्याच्या अधिकारात येत नाही. मधुमेहींच्या खास बुटांचे प्रमाणपत्रही मेडिकेअर डॉक्टरांकडूनच मागते. वॉकर किंवा पलंगाशेजारच्या कमोडसारख्या वस्तू मात्र पीए लिहून देऊ शकतो.

भारतातून आलेल्या कुटुंबांची आणखी एक गल्लत होते, तिचा उल्लेख करते. पुण्या-मुंबईत नर्सिंग ब्युरोला फोन केला, पैसे ठरवले, की दुसऱ्या दिवसापासून बाई बारा किंवा चोवीस तासांसाठी घरी येते. कोणाची सही लागत नाही. मेडिकेअरचे होम हेल्थ तसे नाही. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोन-तीनदा पाऊण तासासाठी येईल, परिचारिका जखम पाहून जाईल, अंघोळ घालायला मदतनीस आठवड्यातून एक-दोनदा येईल. कुशल सेवा संपली की मदतनीसही बंद होते. दिवसभर सोबत बसणारे माणूस यातून मिळणार नाही, त्याची सोय कुटुंबालाच करावी लागते. या भेटींसाठी रुग्णाला काही द्यावे लागत नाही. मात्र प्रमाणपत्र तयार करण्याच्या कामासाठी दवाखाना मेडिकेअरला वेगळे बिल लावू शकतो आणि त्याचा २० टक्के वाटा, पूरक विमा नसेल तर, आपल्याकडे येऊ शकतो. ती लहान रक्कम असते. बिल आले तर फसवणूक समजू नका.

आता क्रम सांगते. आज एजन्सीला वर सांगितलेला लेखी प्रश्न पाठवा, आणि त्याच ईमेलमध्ये पीएच्या तोंडी आदेशावर पहिली भेट द्यावी अशी मागणी करा. राज्याचा नियम खरोखरच डॉक्टरांची सही मागत असेल, तर सही दवाखान्यातील डॉक्टरांचीच हवी असे नाही. पुनर्वसन केंद्रातील ज्या डॉक्टरांनी सासूबाईंना पाहिले आहे ते प्रमाणपत्र देऊ शकतात. पुढे रुग्णाकडे दवाखान्यातील कोण पाहणार त्याचे नाव त्यांनी लिहून द्यायचे असते. त्या केंद्राच्या समाजसेविकेला फोन करा, हे काम तिच्या रोजच्या सरावाचे आहे. राज्याचा नियम आड येत नसेल, पीएची नोंदणीही ठीक असेल आणि तरी एजन्सी अडून बसली असेल, तर दुसरी एजन्सी निवडा. एजन्सी निवडण्याचे स्वातंत्र्य मेडिकेअरने रुग्णाला दिलेले आहे. रुग्णालयाने किंवा केंद्राने दिलेल्या यादीतील पहिल्याच नावाला बांधून घेण्याचे कारण नाही. फोन करताना पहिला प्रश्न हाच विचारा: ‘पीएने सही केलेला आराखडा आपण घेता का?’ होकार मिळाला की पीएच्या दवाखान्यातून त्याच दिवशी कागद पाठवायला सांगा.

सेवा सुरू झाली की ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहा आणि तेथून ६० दिवस मोजा. सेवा पुढे चालू ठेवायची असेल तर शेवटच्या ५ दिवसांत एजन्सी पुन्हा मूल्यमापन करते आणि पुनःप्रमाणपत्रावर पुन्हा सही लागते. कुशल सेवा अजून किती काळ लागेल याचा अंदाज लिहिण्याची अट मात्र २०१९ पासून राहिलेली नाही. पुनःप्रमाणपत्रासाठी नवी प्रत्यक्ष भेटही सक्तीची नाही, तरी पन्नासाव्या दिवसाच्या आसपास पीएकडे एक भेट ठरवून ठेवा. तेव्हा सासूबाई किती पावले चालतात आणि त्या चार पायऱ्या उतरतात का, हे त्यांनी पुन्हा पाहिलेले असेल.